सात नंबरची किल्ली

एक्स-रेवाल्याने तिच्या मनगटाला काळी पट्टी बांधली, गाठ नीट बसली का ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी हं, सिस्टर." मग तिला ओलांडून पुढे गेला. लाल पट्टी असती तर एव्हाना ती स्ट्रेचरवर गेली असती. पिवळी असती तर भिंतीशी खुर्ची मिळाली असती, आणि हिरवीवाले तर दाराशी उभे राहून चहा पीत होते. काळी म्हणजे गेलेला माणूस. त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, आणि त्यानेही सराव संपल्याची शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम. हे सगळं तीच गेली अठरा वर्षं नव्या पोरींना शिकवत आली होती, तेव्हा ओलांडून जाण्याचं तिला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. लागलं ते कार्ड. छातीवर पिन केलेल्या कार्डावर छापलं होतं, 'स्त्री, वय सत्तावन्न. श्वास नाही.' शेजारी पडलेल्या कँटीनवाल्याच्या कार्डावर 'मुलगी, वय नऊ, रडते आहे' असं होतं आणि तो नव्वद किलोचा गडी तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होता. पलीकडे लॉन्ड्रीतल्या बाईंना 'पुरुष, वय बहात्तर' केलं होतं. कार्डं चिठ्ठ्या टाकून वाटलीत, असं सकाळी सांगितलं होतं. मग हिचं एकटीचंच वय बरोबर कसं आलं? कुणीतरी तिची सेवापुस्तिका काढून, जन्मतारीख बघून, वजाबाकी करून पुढे 'श्वास नाही' असं टाइप केलं होतं. गार फरशीवर पडल्या पडल्या तिच्या कानशिलाची शीर ठणकायला लागली.

फरशीवरून हॉल वेगळाच दिसतो. माणसं गुडघ्यापर्यंतच असतात. पॉलिश केलेले बूट, पॉलिश न केलेले बूट, टेबलाखाली काढून ठेवलेल्या सँडल, एका टेबलाच्या पोटाला चिकटवलेलं जुनं च्युइंगम. टेबलं नऊ, कारण विभागात इस्पितळं नऊ. प्रत्येक टेबलावर घडी घातलेल्या पुठ्ठ्यावर एकेक आकडा, आणि आकड्यामागे त्या इस्पितळाचा माणूस. एक नंबर म्हणजे तिचं स्वतःचं इस्पितळ. तिथे आज तिच्या जागी सहा महिन्यांपूर्वी लागलेली नवी सिस्टर बसली होती. मधोमध विभागीय कार्यालयातून आलेले साहेब, एका हातात माइक, दुसऱ्या हातात थांबवायचं घड्याळ. त्यांचं नाव तिने मनातल्या मनात 'समजासाहेब' ठेवलं होतं. "समजा, बॉयलर फुटला," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ सुरू केलं. "समजा, चाळीस जखमी आले. समजा, एक नंबरचे पलंग भरले. आता एक नंबरने सात नंबरला फोन लावला, समजा. हं, लावा." नव्या सिस्टरने कानाशी मूठ धरली आणि पाच फुटांवरच्या टेबलाकडे बघून म्हणाली, "हॅलो, सात नंबर? भाजलेल्या पेशंटसाठी पलंग आहेत का?" सात नंबरच्या गृहस्थांनीही कानाशी मूठ धरली. "चार आहेत. पाठवा." साहेबांनी घड्याळाचं बटण दाबलं. "तीन मिनिटं चाळीस सेकंद! मागच्या वर्षी चार-दहा होतं. शाब्बास!" टाळ्या पडल्या. मेलेल्यांपैकीसुद्धा दोघांनी वाजवल्या.

तिने वाजवल्या नाहीत. ती सात नंबरच्या गळ्यातल्या निळ्या पट्ट्याकडे बघत होती. ओळखपत्राच्या मागे पितळी किल्ली लटकत होती. ते पुढे वाकले की ती टेबलाच्या कडेला टक् करून लागायची. ही किल्ली तिला स्वतःच्या घराच्या किल्लीइतकी पाठ होती. सात नंबरच्या इस्पितळात तळमजल्यावर 'आपत्कालीन कक्ष' अशी पाटी असलेली खोली आहे. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक फोन. त्या फोनवरून कुणीतरी परदेशातल्या लेकीशी तासनतास बोललं म्हणून सहा वर्षांपूर्वी खोलीला कुलूप लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. एक किल्ली यांच्या गळ्यात, दुसरी अधीक्षकांच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली ज्या कारकुनाकडे असते तो कायम कुठल्या तरी रजेवर. तरी आणीबाणीत फोन लावायच्या यादीत सात नंबरपुढे त्याच फोनचा नंबर. इतर कुठला चालत नाही. मोबाइल तर नाहीच. "माणसं बदलतात, सिस्टर, नंबर कायम हवा," असं समजासाहेबांनी तिला दोन वर्षांपूर्वी समजावलं होतं. बोलताना लहान मुलाशी बोलावं तशी मान तिरकी केली होती. यादीला प्लास्टिक चढवून ती नऊही इस्पितळांत आणि या हॉलमध्येही भिंतीवर लावलेली होती. प्लास्टिक चढवलं की खोटंसुद्धा टिकाऊ होतं.

आणि हे किल्लीवाले गृहस्थ एकही प्रशिक्षण चुकवत नाहीत. माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त संताप आणणारं होतं. वेळेवर येणारे, वहीत टिपून घेणारे, दुपारच्या जेवणानंतर ताटं उचलायला मदत करणारे. तीन वर्षांपूर्वीही ते असेच वेळेवर आले होते, याच हॉलमध्ये, वहीपेन आणि गळ्यात किल्ली घेऊन. नऊ इस्पितळांची नऊ माणसं, ज्यांना ज्यांना आणीबाणीत काय करायचं ते ठाऊक होतं ती सगळीच्या सगळी, आणीबाणीत काय करायचं ते शिकायला इथे जमली होती. एक नंबरतर्फे मेट्रन आल्या होत्या, कारण हिची ड्यूटी होती. आणि सकाळी अकरा वाजता रंगाच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. समजा नाही. खरोखर फुटला.

ते आठवायचं तिने कधी ठरवलं नाही, ते आपणच येतं. भांडी घासताना येतं, लिफ्टमध्ये येतं. आधी वास येतो, मग आवाज. तिच्याकडे भाजलेल्यांचे पलंग सहा होते, ते वीस मिनिटांत भरले. बाहेर पोर्चमध्ये गाडीत तीन जण उरले. तिने भिंतीवरच्या यादीतला सात नंबर फिरवला. रिंग वाजत होती. कुणी उचलत नव्हतं. परत फिरवला. चौकशीच्या नंबरवर लावला तर तिथल्या पोरीने "जोडते हं" म्हणून जोडला तो त्याच खोलीत. कुलपाच्या आत फोन वाजत होता आणि व्हरांड्यातून जाणारी माणसं म्हणत होती, कुणाचा तरी फोन वाजतोय. हे तिला नंतर कळलं. गाडीचा ड्रायव्हर दारात आला. मिशा पिकलेला, शांत माणूस. "सिस्टर, निघू का?" ती म्हणाली, "थांबा, खात्री होऊ दे." पलंग आहे याची खात्री झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम. दोन इस्पितळांच्या दारांतून पेशंट परत फिरू नये म्हणून केलेला, चांगला, समंजस नियम. फळ्यावर मोठ्या अक्षरात तो तिनेच लिहून दिलेला होता. ड्रायव्हर परत आला. "सिस्टर?" "थांबा म्हटलं ना!" असं ती त्याच्यावर ओरडली. अकरा मिनिटं ती त्या फोनला चिकटून उभी होती, आणि मग म्हणाली, "जा. जे होईल ते होईल, जा."

गाडीतल्या तिघांत एक बाई होती. चाळिशीची असेल, बाटल्यांना झाकणं लावायच्या खात्यातली. इतकं भाजलेलं माणूस आधी स्पष्ट बोलतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. ही धावत गाडीपाशी गेली, तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, माझी एक चप्पल तिथंच राहिली हो. नवी आहे." "मिळेल हं, मिळेल," असं हिने सांगितलं होतं. सात नंबरच्या फाटकाच्या अलीकडे, दुकानांच्या रांगेपाशी ती बाई गेली. दोन मिनिटं कमी पडली, असं ड्रायव्हर म्हणाला. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. आणि सात नंबरमध्ये त्या वेळी भाजलेल्यांचे पलंग रिकामे होते, पांढऱ्या चादरी घालून. किती, ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवसाचं रजिस्टर पुढे मागितलं तर सापडेना. चौकशी समितीतले एक डॉक्टर कागद गोळा करता करता म्हणाले, "तसंही वाचली नसती हो." तसंही! या एका शब्दाचा तिला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात नवऱ्याचाही कधी आला नसेल. तसंही वाचली नसती म्हणून अकरा मिनिटं वजा. तसंही म्हणून कुलूप वजा. मग राहिलं काय? एक चप्पल.

तिने विभागीय कार्यालयाला पत्रं लिहिली. तीन वर्षांत नऊ. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या पेनाने दुरुस्त केलेला माणूस. तो प्रत्येक पत्र वाचून द्यायचा. "मजकूर चोख आहे," म्हणायचा, "दोन वेलांट्या चुकल्यात." वेलांट्या दुरुस्त होऊन पत्र जायचं आणि उत्तर यायचं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' नऊ पत्रं, नऊ नोंदी. पालथ्या घड्यावर पाणी. "आई, चार महिने राहिलेत तुझ्या निवृत्तीला," लेक परवाच म्हणाली होती. "कशाला दगडावर डोकं आपटतेस? दगडाला काही होत नाही." नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "आपटू दे. आवाज तरी होतो." तेव्हा ती हसली होती. आता फरशीवर पडून तिला वाटलं, आवाज होतो म्हणूनच तर मला मेलेली केली. गेल्या दोन्ही वर्षी ती एक नंबरच्या टेबलावर होती आणि मूठ कानाशी धरायला तिने नकार दिला होता. म्हणून या वर्षी साहेब सकाळी गोड हसून म्हणाले होते, "सिस्टर, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ. आज जरा पेशंट व्हा. नर्सिंगच्या मुलींच्या परीक्षा आहेत, माणसं कमी पडतायत." मेलेल्याला तोंड नसतं. किती साधी युक्ती! आणि मेलेल्याला हात मात्र असतो, कारण दुपारी अहवालावर सही तिचीच लागणार होती. एक नंबरच्या अपघात विभागाची प्रमुख म्हणून तिची सही झाली की ही यादी, हेच नंबर, ही किल्ली, सगळं पुढच्या तीन वर्षांसाठी कायम. ती तोवर घरी बसलेली असेल. पोर्चमध्ये दुसरी कुणी सिस्टर असेल. बहुतेक हीच, मूठ कानाशी धरणारी. शिकवलेलं मन लावून करणारी गुणी पोर. ती दुसऱ्या कुणा ड्रायव्हरला म्हणेल, थांबा.

हा विचार आला आणि तिचा सगळा राग फिरून तिच्यावरच आला. कारण खरं दुखणं ते होतं. कुलूप दुसऱ्याचं होतं, पण 'थांबा' तिचं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर ओरडून. नऊ पत्रांत तिने कुलूप लिहिलं, किल्ली लिहिली, यादी लिहिली. ड्रायव्हर दोनदा विचारायला आला होता, हे एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. नवऱ्याला ती चूक सापडली नाही. वेलांट्या तेवढ्या सापडल्या.

शिट्टी वाजली. मेलेले, जखमी सगळे उठले, कपडे झटकायला लागले. कँटीनवाला "आई गं" करत कंबर धरून उठला आणि नऊ वर्षांच्या मुलीला शोभणार नाही अशी जांभई दिली. डबे उघडल्याचा वास आला. समजासाहेब माइकवर म्हणाले, "सगळ्या इस्पितळांचं अभिनंदन. अहवालावर तेवढ्या सह्या करा आणि जेवायला चला." ती उठली नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग नवी सिस्टर गडबडून धावत आली, तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि सवयीने तिची नाडी बघायला लागली. "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"नाडी नाही माझी," ती म्हणाली. "कार्ड वाच."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेब अहवालाची फाइल घेऊन आले आणि तिच्या डोक्याशी उभे राहिले. त्यांचे बूट पॉलिश केलेले होते. "सिस्टर, झालं आता. उठा."

"उठते. आधी यादीतला सात नंबर लावा. खराखुरा. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

"आत्ता?" साहेबांना हसू आलं. "अहो, आत्ता तो फोन कोण उचलणार? सात नंबर तर इथे बसलेत!"

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. हॉलमधला चमच्यांचा आवाज हळूहळू थांबला. ती छताकडे बघत म्हणाली, "तेच म्हणतेय मी तीन वर्षं." मग आवाज चढवून, आयुष्यात कुठल्या साहेबाशी बोलली नव्हती अशा आवाजात ती म्हणाली, "तीन-चाळीस लिहिलंय ना तुम्ही? सही मी करणार आहे. लावा फोन, उचलला की घड्याळ बंद करा, जो आकडा येईल त्यावर करते. नाही तर मला इथून उचलून बाहेर ठेवा. काळ्या पट्टीवाल्याला शेवटी उचलतात, ठाऊक आहे मला. मी थांबते. थांबायची सवय आहे मला!" शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फाटला, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

साहेब काहीतरी बोलणार होते. पण एक्स-रेवाल्याने खिशातून मोबाइल काढला, भिंतीवरची यादी वाचत आकडे दाबले, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल तिच्या डोक्याशी फरशीवर ठेवला. रिंग वाजायला लागली. नव्या सिस्टरने साहेबांच्या हातातलं घड्याळ, "द्या ना सर," म्हणत घेतलं आणि बटण दाबलं. रिंग पुरी वाजून तुटली. एक्स-रेवाल्याने परत लावला. तीच रिंग. तिला त्या रिंगेतला मधला श्वाससुद्धा ओळखीचा होता. "पुरे झालं हे," साहेब म्हणाले. "मुद्दा कळला, नोंद घेऊ आपण." कुणी हललं नाही. तिसऱ्यांदा लावला. तेव्हा सात नंबरचे गृहस्थ उभे राहिले. खुर्ची मागे सरकली आणि किल्ली टेबलाला टक् करून लागली. ते तिच्याकडे बघत नव्हते, फरशीवरच्या मोबाइलकडे बघत होते. मग ते तिला वळसा घालून दाराकडे गेले. ओलांडून गेले नाहीत. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मग वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. रिंग वाजायची, तुटायची, एक्स-रेवाला परत लावायचा. काही जण ताटं घेऊन आले, उभ्याउभ्या दोन घास खाल्ले, मग त्यांनाही ते खाणं बरं दिसेना, ताटं खाली ठेवली गेली. साहेब खिडकीशी जाऊन कुणाला तरी फोन करून सांगत होते, इथे एक सिस्टर जरा भावनिक झाल्या आहेत. लॉन्ड्रीतल्या बाईंनी आपली शाल आणून तिच्या डोक्याखाली दिली. नवी सिस्टर तिच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि घड्याळावरून नजर काढत नव्हती. नऊ मिनिटं झाली. दहा. अकरावं मिनिट आलं तेव्हा ही म्हणाली, "अकराव्या मिनिटाला मी गाडी सोडली होती. आधी ड्रायव्हर दोनदा विचारायला आला होता, निघू का म्हणून. दोनदा मी थांबा म्हटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही." पोरीने हिचा हात धरला, काळ्या पट्टीवरच धरला. "तू थांबू नकोस," ही म्हणाली. "फळ्यावर कुणीही काहीही लिहिलेलं असो. मी लिहिलेलं असलं तरी."

रिंग वाजत राहिली. बारा, पंधरा, वीस. इतका वेळ कुणी काही उचलत नाही हे इतक्या लोकांनी एकत्र बसून कधी ऐकलं नसेल. तिला उगाचच वाटलं, ती झाकणं लावणारी बाईही इथेच कुठेतरी दाराशी एका पायात चप्पल घालून उभी आहे आणि ऐकते आहे.

मग खट् आवाज झाला. रिंग थांबली. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं. बोलता येत नव्हतं इतकी धाप. "हॅलो," सात नंबर म्हणाले. "हॅलो, सात नंबर. बोला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती फरशीवर हाताने रेटा देऊन उठून बसली. तीन वर्षं पाठ असलेलं वाक्य तिने अखेर म्हटलं, "एक नंबरमधून बोलतेय. भाजलेले तीन पेशंट आहेत. पलंग आहेत का?"

"चार आहेत, सिस्टर. पाठवा." धाप अजून चालूच होती. मग स्पीकर चालू आहे हे ठाऊक असताना, ते म्हणाले, "तेव्हाही चारच होते."

एक्स-रेवाल्याने मोबाइल उचलला. ती नव्या सिस्टरच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली आणि साहेबांच्या पुढे हात केला. त्यांनी फाइल दिली. तिने तीन-चाळीसवर आडवी रेघ मारली, पोरीला विचारलं, "किती?" पोरगी म्हणाली, "सव्वीस मिनिटं, दहा सेकंद." तिने ते अक्षरी लिहिलं, शेजारी किल्लीची सगळी हकिकत लिहिली, त्याखाली ड्रायव्हरने दोनदा विचारल्याचंही लिहिलं, आणि वेलांट्या न तपासता सही केली.